आसनांच्या अध्यापनाची रीत : कुटीपासून रांगेपर्यंत

खडवली हे भातसा नदीच्या काठचे ठाणे जिल्ह्यातील गाव कल्याण-कसारा लोहमार्गावर आहे. २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला, म्हणजे आंतरराष्ट्रीय योगदिनी, अशा गावांच्या शाळांतून मुले रांगा करून उभी राहतात. (पाऊस लागलेला असल्यामुळे पटांगणाऐवजी पुष्कळदा व्हरांडाच कामी येतो.) पुढे उभा राहिलेला शिक्षक आज्ञा देतो आणि सारे हात एकदम वर जातात. हे दृश्य आता इतके परिचयाचे झाले आहे की ते परंपरागत असावे, असा सहज समज होतो. आसनांपैकी पुष्कळ जुनी आहेत. ती शिकविण्याची ही रांग मात्र शंभर वर्षांहून फारशी जुनी नाही. तिचा माग काढावयाचा तर खडवलीहून कल्याणला यावे आणि दुसऱ्या फाट्याने बोरघाट चढून लोणावळ्यास जावे.

पंधराव्या शतकातील ‘हठप्रदीपिके’त स्वात्मारामाने साधकासाठी लहानशी एकांत कुटी सांगितली आहे, आणि ही विद्या गुप्त राखण्याचा उपदेश केला आहे. त्याने वर्णिलेली आसने पंधरा. कोणता पाय कोठे ठेवावा, हात कसे असावेत, एवढे तो थोडक्यात सांगतो. पाठ वाकली तर काय करावे, गुडघा टेकत नसेल तर काय करावे, याविषयी ग्रंथ मौन बाळगतो. हे मौन ग्रंथकाराचे प्रमाद नव्हे. चूक दाखविणारा गुरू समोर बसलेला आहे, हे त्याने गृहीतच धरले होते. अध्यापनाचा मुख्य भाग अशा रीतीने लेखनाबाहेर राहिला, आणि इतिहासकाराची अडचण येथेच सुरू होते.

ही कुटी उघडली ती नर्मदातीरी मालसर येथे राहणाऱ्या परमहंस माधवदासजींच्या दोन शिष्यांनी. पहिले मणिभाई देसाई, म्हणजेच श्रीयोगेंद्र. त्यांनी १९१८ मध्ये मुंबईजवळ वर्सोव्याला योग संस्था काढली आणि संसारी माणसाला झेपेल अशी आसनांची मांडणी केली. सोप्या केलेल्या आसनांवरचे त्यांचे पुस्तक १९२८ चे आहे. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३-१९६६). गुणे संस्कृतचे विद्यार्थी, पुढे अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य. माधवदासजींकडे जाण्यापूर्वीच बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत माणिकरावांपाशी त्यांनी तालीम केली होती. गुरूने दिलेले सत्य असले तरी ते यंत्राने पडताळता आले पाहिजे, या निष्ठेने १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान व नौली या क्रियांचे प्रयोग केले. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघाले, आणि नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात उत्पन्न होणाऱ्या ऋणदाबाला कुवलयानंदांनी आपल्या गुरूचे नाव दिले. प्रयोगशाळेतील गुरुदक्षिणेचे असे दुसरे उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

परंतु रांगेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते १९३६ चे ‘यौगिक संघ-व्यायाम’ हे पुस्तक. माणिकरावांनी सांघिक व्यायामाला देशी आज्ञांची शिस्त लावली होती. कुवलयानंदांनी ती शिस्त आसनांना लावली. एका शिक्षकाला शेकडो मुले शिकवावयाची होती, आणि शाळेजवळ ना साधने होती ना पैसा. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळांत नेले तेही याच काळात. एकट्याने करावयाची उपासना येथेही अंकांवर चालणारा वर्गपाठ झाली.

मार्क सिंगलटन यांनी २०१० च्या आपल्या ग्रंथात आधुनिक आसनाभ्यासावर युरोपीय व्यायामपद्धतींचा ठसा दाखविला आहे. त्यांचा पुरावा डावलता येत नाही. तथापि महाराष्ट्रापुरते पाहता ते उत्तर अपुरे वाटते. ‘हे आसन कोठून आले’ या प्रश्नापेक्षा ‘ते कोणी कोणाला, कितीजणांना एका वेळी शिकविले’ हा प्रश्न येथे अधिक फलदायी ठरतो, आणि त्याच्या उत्तरात युरोपाइतकाच वाटा आखाड्याचा व शाळेच्या वेळापत्रकाचा आहे.

रांगेने काय गमावले, हे पुण्यात दिसून आले. १९३७ मध्ये कृष्णम्माचार्यांचे तरुण शिष्य बी. के. एस. अय्यंगार डेक्कन जिमखान्यावर शिकविण्यास आले. मराठी येत नव्हती, विद्यार्थी वयाने व बळाने मोठे. शब्द अपुरे पडत तेथे डोळा आणि हात यांनी शिकविणे प्राप्त होते. पुढे त्यांनी पट्टे, विटा, दोर, खुर्च्या वापरल्या. शिक्षकाचा हात लाकडात उतरविण्याचाच तो प्रकार होता, असे मला वाटते. १९६६ च्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात, मराठीत ‘योगदीपिके’त, सुमारे सहाशे छायाचित्रे आहेत, तरीही त्यांच्या वर्गात शिक्षक विद्यार्थ्यांभोवती फिरतच राहिला. वाचा गेलेला ऑस्ट्रेलियन पाठक एफ. एम. अलेक्झांडर (१८६९-१९५५) आरशांसमोर उभा राहून याच निष्कर्षाला आला होता : आपण ताठ आहोत हे आपल्याला वाटणे, हा ताठ असल्याचा पुरावा नव्हे. त्याच्या पद्धतीतही शिक्षकाचा हात विद्यार्थ्याच्या मानेवर असतो.

ठाण्यात घंटाळी मित्र मंडळ व अंबिका योग कुटीर यांसारख्या संस्थांनी आसने उपनगरी वस्तीत नेली, आणि तेथून ती लोकलच्या मार्गाने पुढे पसरली. पुस्तके, अहवाल, प्रमाणपत्रे उपलब्ध आहेत. खांद्याला कोठे स्पर्श केला, कोणत्या शब्दाने श्वास सुटला, याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही. कुवलयानंदांपाशी प्रत्यक्ष शिकलेली माणसे आज, ती हयात असली तर, ऐंशीच्या आसपास किंवा त्यापुढची असणार. कल्याण-कसारा मार्गावरच्या गावांतून निवृत्त व्यायामशिक्षकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एका उन्हाळी सुटीत हाती घेता येईल. मुलाखतीच्या वेळी त्यांना एखादे आसन शिकवावयास सांगावे, आणि त्यांचे हात कोठे जातात ते टिपून ठेवावे.