डोळे आले, मग पाय गेले

१९७१मध्ये मुंबईत डोळे येण्याची साथ पसरली. डोळे लालबुंद होत, पांढऱ्या भागात रक्त साकळे आणि थोड्याच दिवसांत माणूस पुन्हा कामाला लागे. १९६९मध्ये घानात पहिल्यांदा दिसलेल्या या साथीचं कुणाला फारसं भय वाटत नव्हतं.

जे. जे. रुग्णालयात मात्र चमत्कारिक रुग्ण येऊ लागले. बहुतेक धडधाकट, कमावते पुरुष. डोळे बरे झाल्यावर काही दिवसांनी, कुणाला काही आठवड्यांनी, कंबरेतून पायात कळा येत आणि मग पाय लुळा पडे. मांडीचे स्नायू वाळत जात. अगदी पोलिओसारखं, पण पोलिओ तर लहान मुलांचा! तिथला मेंदूविकार विभाग १९५७पासून उभा करणाऱ्या डॉ. नोशीर वाडियांनी या लुळेपणाचा माग डोळ्यांच्या साथीपर्यंत नेला आणि १९७२मध्ये इराणी व कात्रक या सहकाऱ्यांसह 'लॅन्सेट'मध्ये तो मांडला. पाय गेलेल्या माणसाला, मध्यंतरी डोळे आले होते का, असं विचारायला सुचणं हीच केवढी मोठी गोष्ट!

साक्ष दिली ती प्रतिपिंडांनी. डोळ्यांची ही साथ आणणाऱ्या एन्टरोव्हायरस ७० या विषाणूला ओळखणारी ही प्रथिनं रुग्णांच्या रक्तात आणि पाठीतल्या पाण्यातही सापडली. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशींवर घाला कुणी घातला, ते त्यांनीच सांगितलं.

शार्को या फ्रेंच वैद्यानं १८६९मध्ये वर्णन केलेल्या एएलएसमध्ये, म्हणजे मोटर न्यूरॉन आजारात, याच चेतापेशी मरतात. तिथे असा बाहेरचा शत्रू हाती लागलेला नाही. तरीही रुग्णांच्या मज्जारज्जूत कॉम्प्लिमेंट ही प्रतिकारप्रथिनं साचलेली दिसतात. एरवी ती जंतूंवर खूण करतात, म्हणजे भक्षक पेशी त्यांना गिळतात. इथे ती कचरा उचलायला आलीत की जिवंत पेशींवरच उठलीत?

उत्तराचा एक तुकडा २००६मध्ये उंदरांत मिळाला. त्यांच्यात एएलएस घडवणारं सदोष एसओडी-१ जनुक चेतापेशींतून काढलं, तर आजार उशिरा सुरू झाला. मायक्रोग्लिया या मेंदू-मज्जारज्जूतल्या रक्षक, भक्षक पेशींतून काढलं, तर सुरुवात फारशी लांबली नाही, पुढची घसरण मात्र मंदावली. म्हणजे आग लावणारे आणि ती भडकवणारे वेगळे असू शकतात.

माणसांत प्रतिकारयंत्रणेला आवरून ही घसरण मंदावणं अजून साधलेलं नाही. सी-५ हे कॉम्प्लिमेंट प्रथिन अडवणाऱ्या रॅव्हुलिझुमॅब या औषधाची एएलएसवरची चाचणी गुण दिसेना म्हणून २०२१मध्ये थांबवावी लागली. सी-५ येतं या प्रथिनांच्या साखळीच्या शेवटाकडे. ते अडवलं तरी त्याआधीची सी-१-क्यू आणि सी-३ मोकळीच राहतात, आणि खूण करण्याचं काम त्यांचंच.