आकडा तोच, पेन्शन कमी : बिठूरपासून चऱ्होलीपर्यंत

१/
इंद्रायणीच्या दोन तीरांवर चऱ्होली बुद्रुक आणि चऱ्होली खुर्द ही दोन गावे आहेत. आळंदीशेजारचे बुद्रुक १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. खुर्द खेड तालुक्यातच राहिले. एका अंगाला भोसरीची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला दिघीच्या लष्करी आस्थापना आणि उत्तरेस चाकणचे कारखाने. अशा टापूत एकाच आळीत चार तऱ्हांचे निवृत्तिवेतन येऊ शकते.

२/
निवृत्त सैनिकाला ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ या तत्त्वाने रक्कम मिळते. जुन्या शिक्षकाला अखेरच्या वेतनाच्या निम्मी रक्कम आणि वर महागाई भत्ता मिळतो. निराधार वृद्धाला श्रावणबाळ योजनेतून महिना १,५०० रुपये मिळतात. आणि कारखान्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या कामगाराच्या निवृत्तिवेतनाची किमान मर्यादा आहे १,००० रुपये. ज्याच्या नावाने दरमहा वर्गणी भरली गेली, त्याला मिळालेली हमी सरकारी अनुदानाहूनही कमी. हे कसे घडले, याचा हा धागा.

३/
निवृत्तिवेतनाचा वाद महाराष्ट्राला नवा नाही. ३ जून १८१८ रोजी दुसरा बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. राज्यावरचा हक्क सोडण्याच्या बदल्यात वर्षाला किमान आठ लाख रुपयांचे निवृत्तिवेतन ठरले आणि पेशव्यांचा मुक्काम गंगातीरी बिठूरला हलला. बाजीराव त्यानंतर जवळजवळ ३३ वर्षे जगले. कंपनीने दिलेली रक्कम अडीच कोटींच्या वर गेली.

४/
१८५१ मध्ये बाजीराव वारले आणि लॉर्ड डलहौसीने हे वेतन बंद केले. कंपनीचे म्हणणे असे, की ही रक्कम एका व्यक्तीला दिलेली कृपा होती. व्यक्ती गेली, कृपा संपली. दत्तक पुत्र नानासाहेबांनी उलट बाजू मांडली : हे दान नव्हे, सोडून दिलेल्या राज्याच्या महसुलाचा हा मोबदला आहे. ती कैफियत घेऊन अजीमुल्ला खान लंडनपर्यंत गेले आणि रिकाम्या हाताने परतले.

५/
पेशव्यांविषयी कोणाचे मत काहीही असो, त्या वादात मांडला गेलेला प्रश्न पुढची पावणेदोनशे वर्षे टिकला. निवृत्तिवेतन ही देणाऱ्याची मर्जी, की घेणाऱ्याने आधीच चुकती केलेली किंमत? मर्जी असेल, तर ती केव्हाही आवरता येते. मोबदला असेल, तर तो कमी करणे म्हणजे झालेला व्यवहार मोडणे.

६/
ब्रिटिश सरकारने आपले उत्तर कायद्यातच लिहून ठेवले. १८७१ च्या पेन्शन कायद्यानुसार सरकारने दिलेल्या निवृत्तिवेतनासंबंधी दिवाणी न्यायालयात दावा लावण्यास मनाई झाली. दाद मागायची ती कलेक्टरकडे. त्याच कायद्याने सावकाराला पेन्शनवर जप्ती आणता येणार नाही, असेही संरक्षण दिले. म्हणजे सावकारापासून पेन्शन सुरक्षित झाली, सरकारपासून मात्र नाही.

७/
हे चित्र पालटायला स्वातंत्र्यानंतरचीही दोन दशके गेली. १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की निवृत्तिवेतन हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे आणि तो मालमत्तेसारखा आहे. सरकारी अधिकाऱ्याच्या इच्छेवर तो अवलंबून नाही.

८/
मग आला १७ डिसेंबर १९८२ चा डी. एस. नाकारा निकाल. केंद्राने निवृत्तिवेतनाचे सूत्र सुधारले होते. पण लाभ मिळणार होता तो फक्त ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त झालेल्यांना. एक दिवस आधी निवृत्त झालेला माणूस कायमचा मागे. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही तारखेची भिंत पाडली. निवृत्तिवेतन हे बक्षीस नव्हे, केलेल्या सेवेचा मोबदला आहे आणि वृद्धापकाळी सामाजिक न्याय देण्याचे साधन आहे, हा त्या निकालाचा गाभा.

९/
निकालपत्र न्या. डी. ए. देसाई यांनी लिहिले. पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड. त्यांचा जन्म पुण्याचा आणि घराण्याचे मूळ गाव कन्हेरसर, म्हणजे चाकण ज्या खेड तालुक्यात आहे त्याच तालुक्यातले. आजही १७ डिसेंबर हा देशभर पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो.

१०/
चऱ्होलीच्या परिसरातील कारखाना कामगाराला या निकालाचा किती उपयोग झाला? फारसा नाही. नाकारा निकाल होता सरकारी तिजोरीतून मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाविषयी. १९९० मध्ये रेल्वेच्या भविष्य निर्वाह निधी घेतलेल्या कर्मचाऱ्यांनी त्याचाच आधार मागितला, तेव्हा कृष्णकुमार खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की पेन्शनर आणि निधीधारक हे दोन निराळे वर्ग आहेत. खासगी कारखान्यातला कामगार तर या दोन्हींच्या बाहेर होता.

११/
त्याची वाट वेगळी होती. १९५२ च्या कायद्याने औद्योगिक कामगारांना भविष्य निर्वाह निधी मिळाला. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला तो याच दशकात. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पाठोपाठ आकुर्डी, पिंपरी, भोसरी कारखान्यांनी भरून गेली. ‘फंड’ हा शब्द या पट्ट्यातल्या घराघरांत रुळला. फंड म्हणजे निवृत्तीच्या दिवशी हाती पडणारी एकरकमी पुंजी. तिच्यातून मुलीचे लग्न होई, घर बांधून होई. दरमहाचे उत्पन्न मात्र उरत नसे.

१२/
१९७१ मध्ये कुटुंब निवृत्तिवेतन योजना आली, पण तिचा भर कामगाराच्या मृत्यूनंतर कुटुंबाला आधार देण्यावर होता. कामगाराला स्वतःला हयातीत पेन्शन मिळू लागली ती १६ नोव्हेंबर १९९५ पासून. हीच ‘ईपीएस-९५’. मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के रक्कम या सामायिक निधीत वळवली गेली. केंद्र सरकार १.१६ टक्के घालू लागले. पेन्शनचे वय ५८ ठरले, किमान सेवा दहा वर्षे.

१३/
सूत्र सोपे आहे. पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. ग्यानबाची मेख ‘पेन्शनपात्र’ या शब्दात आहे. वेतनाची कमाल मर्यादा प्रारंभी ५,००० रुपये होती. जून २००१ मध्ये ती ६,५०० झाली आणि पुढची तेरा वर्षे तिथेच थांबली. पगार १० हजार असो वा ३० हजार, हिशेब ६,५०० वरच.

१४/
एक उदाहरण मांडून पाहावे. योजना सुरू झाल्यापासून सभासद असलेला कामगार ऑगस्ट २०१४ अखेर निवृत्त झाला, तर त्याची सेवा भरते १९ वर्षे. ६,५०० गुणिले १९ भागिले ७० म्हणजे महिना सुमारे १,७६४ रुपये. १९९५ पूर्वीच्या सेवेचा छोटासा लाभ तेवढा वेगळा. त्याचा प्रत्यक्ष पगार २०,००० असता आणि हिशेब त्यावर झाला असता, तर हीच रक्कम ५,४२८ भरली असती.

१५/
आणि ही रक्कम एकदा ठरली की महागाईबरोबर वाढत नाही. सरकारी निवृत्तिवेतनाला महागाई भत्त्याची जोड असते. येथे तशी तरतूद नाही. २०१४ चे १,७६४ रुपये दहा वर्षांनीही १,७६४ च. किराणा, औषधे, विजेचे बिल वाढत राहते. कोणत्याही मंत्रिमंडळाने कपातीचा ठराव केलेला नसतो, पण कपात दरमहा होत असते.

१६/
काही कपाती थेटही झाल्या. २६ सप्टेंबर २००८ रोजी दोन सवलती काढून घेतल्या गेल्या : पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेण्याची सोय आणि भांडवल परताव्याचा पर्याय. ५८ च्या आधी पेन्शन घेणाऱ्याची वार्षिक घटही ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाली. २०१४ मध्ये मर्यादा १५,००० पर्यंत वाढली खरी. परंतु सरासरी अखेरच्या १२ महिन्यांऐवजी ६० महिन्यांची धरण्याचे ठरले. वाढत्या पगारात लांबची सरासरी नेहमीच खाली ओढते.

१७/
२०१३ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने किमान पेन्शन ३,००० रुपये करावी, अशी शिफारस केली. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. प्रत्यक्षात १ सप्टेंबर २०१४ पासून किमान रक्कम ठरली १,००० रुपये. डिसेंबर २०१८ मध्ये बुलढाण्यात कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली ईपीएस-९५ पेन्शनरांचे साखळी उपोषण सुरू झाले. मागणी होती किमान ७,५०० रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि मोफत वैद्यकीय उपचार.

१८/
दुसरी बाजूही पोकळ नाही. ६,५०० च्या मर्यादेवर ८.३३ टक्के म्हणजे महिना ५४१ रुपये. १९ वर्षे पूर्ण दराने भरली, तरी मुद्दल सव्वा लाखाच्या आतच. महिना १,७६४ रुपयांनी ती मुद्दल, व्याज न धरता, सहा वर्षांच्या आत परत जाते. पुढे विधवा पत्नीलाही पेन्शन असते. निधी सामायिक आहे. आज किमान रक्कम वाढवायची, तर ते पैसे करदात्याने द्यायचे किंवा आज चाकणला काम करणाऱ्या तरुणाच्या वर्गणीतून काढायचे. ‘आमचेच पैसे आम्हाला द्या’ एवढ्यावर हा हिशेब पूर्ण जुळत नाही.

१९/
तथापि त्या युक्तिवादात एक गोष्ट सुटते. वर्गणी लहान राहिली ती कामगाराच्या इच्छेने नव्हे. मर्यादा सरकारने ठरवली आणि तेरा वर्षे हलवली नाही. पूर्ण पगारावर वर्गणी भरून अधिक पेन्शन मागणाऱ्यांना २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि नोव्हेंबर २०२२ चा निकाल येईपर्यंत कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. जास्त भरू द्यायचे नाही आणि मग कमी भरले म्हणून कमी द्यायचे, हा न्याय अर्धाच आहे.

२०/
सरकारी सेवेतही भिंत पुन्हा उभी राहिली. १ नोव्हेंबर २००५ नंतर महाराष्ट्र शासनाच्या सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन नाकारली गेली. १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यभर संप झाला. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा गावोगाव पोहोचली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने लगोलग ती स्वीकारली. २५ वर्षांच्या सेवेला निम्मे वेतन; दहा वर्षांच्या सेवेला किमान १०,००० रुपये.

२१/
दहा वर्षांच्या सेवेला एकीकडे किमान १०,००० आणि दुसरीकडे १,०००. दोन्ही आकडे एकाच देशातले, एकाच दशकातले. फरक श्रमाचा नाही. संप केला तर शाळा, रुग्णालये, कचेऱ्या बंद पाडू शकणाऱ्यांची पेन्शन वाटाघाटीच्या टेबलावर येते. निवृत्त कामगाराकडे बंद पाडायला काही उरलेले नसते. हयातीचा दाखला देण्यापलीकडे व्यवस्थेशी त्याचा संबंध राहत नाही.

२२/
म्हणून पेन्शन कापावी की राखावी, हा प्रश्न अशा रीतीने विचारला की उत्तर चुकते. गोठवलेला आकडा ‘राखला’ म्हणवतो आणि खरे तर कापला जात असतो. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ऐंशी वर्षांखालील वृद्धासाठी दिल्लीचा वाटा २००७ मध्ये महिना २०० रुपये होता, तो पुढे वाढलाच नाही. त्यावर कधी संप झाला नाही, निकाल आला नाही, बातमीही क्वचितच आली.

२३/
बोजा पेलत नसेल, तर राज्यकर्त्यांनी तो उघडपणे सांगावा आणि नवे नियम नव्या भरतीला लावावेत. झालेल्या सेवेचे मोल मात्र महागाईच्या हवाली करू नये. १८५१ मध्ये डलहौसीने निदान लेखी नकार दिला होता, त्यामुळे नानासाहेबांना कैफियत तरी करता आली. न बोलता होणाऱ्या कपातीविरुद्ध कैफियत कोणाकडे करायची, हेच पेन्शनराला उमगत नाही.

२४/
याचा संबंध केवळ वृद्धांशी नाही. चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर येणारा तरुण दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलतो. प्रत्येक वेळी फंड काढून घेतला, तर आधीची सेवा पुसली जाते. सेवा दहा वर्षांखाली राहिली, तर मासिक पेन्शन मिळतच नाही. जुने खाते नव्या नोकरीत वर्ग करून घेतले, तर मात्र वर्षे जोडली जातात. चऱ्होलीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या त्या तरुणाला १,००० रुपयांची हमी तरी मिळेल की नाही, हे याच वर्षांत ठरते आहे.

#इतिहास #पेन्शन #चऱ्होली