बिनफटीचे ठोकळे



वाण्याच्या दुकानात साबणाच्या वड्या एकीला एक भिडवून रचलेल्या आपण नेहमी पाहतो. मध्ये फट राहत नाही, याचे कोणाला नवल वाटत नाही. परंतु कोणत्या आकाराचे ठोकळे अशी जागा बिनफटीची भरतात, हा प्रश्न पुरातन आहे. आणि त्यात थोरांचीही फसगत झालेली आहे.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले की, घन जागा पूर्ण भरतो आणि चतुष्फलकही भरतो. चतुष्फलक म्हणजे चार समभुज त्रिकोणांनी बनलेला ठोकळा. घनाचे म्हणणे खरे, चतुष्फलकाचे खोटे! त्याच्या दोन पृष्ठांमधला कोन सुमारे ७०.५ अंशांचा. एका कडेभोवती असे पाच ठोकळे लावले, तर ३६० अंशांपैकी सात अंशांहून थोडी अधिक फट उरते. सहावा तीत मावत नाही. पाच लाकडी ठोकळे तासून ठेवले असते, तर ही फट पोरालाही दिसली असती. तरी पंधराव्या शतकात रेजिओमाँटेनस या जर्मन गणितज्ञाने चूक दाखवीपर्यंत सुमारे १८०० वर्षे गेली.

लॉर्ड केल्व्हिन मात्र हाताने पाहणारा होता. समान आकारमानाच्या कप्प्यांनी जागा भरायची, पण कप्प्यांच्या भिंती कमीत कमी लागाव्यात, तर आकार कोणता? तारेचे सांगाडे साबणाच्या पाण्यात बुडवून विचार करीत त्याने १८८७ साली चौदा पृष्ठांचा कप्पा सुचविला. शंभराहून अधिक वर्षे त्याहून सरस रचना कोणाला सापडली नाही. १९९४ साली डब्लिनच्या वेअर आणि फेलन यांनी संगणकाच्या साह्याने शोधलेली दोन प्रकारच्या कप्प्यांची रचना प्रसिद्ध केली. तिला सुमारे ०.३ टक्के कमी भिंत लागते. बीजिंगच्या २००८ च्या ऑलिंपिकमधील जलतरणगृह तिच्याच धर्तीवर उभे आहे. हीच शेवटची रचना, हे मात्र अद्याप सिद्ध झालेले नाही.

आज असे ठोकळे संगणकावर रेखून थरावर थर देत प्लॅस्टिकमध्ये छापता येतात. तेथे एक गंमत आहे. अगदी गणिती मापाने छापलेले ठोकळे एकमेकांत बसत नाहीत. म्हणून प्रत्येक ठोकळा केसभर लहान आखावा लागतो. ही फट कारागिराची. कौशल्याने ती कमी करता येते. चतुष्फलकाची फट निसर्गाची. ती कोणत्याही यंत्राने बुजत नाही, आणि कोणाच्या वचनानेही नाही. या दोन फटींतला भेद हातात ठोकळे घेतल्यावाचून सहसा उमगत नाही. म्हणून आपल्या मुलांच्या हाती पुस्तकाबरोबर ठोकळेही द्यावेत, एवढीच विनंती.