सडवा

यवतमाळ जिल्ह्यातील पोलिसांच्या पंचनाम्यात वारंवार आढळणारा ‘सडवा’ हा शब्द मोहफुले पाण्यात भिजवून आंबवलेल्या, अजून भट्टीवर न चढलेल्या गढूळ द्रवासाठी वापरला जातो. तो उघडच ‘सडणे’ या क्रियापदापासून आला आहे. मात्र बाराव्या शतकातील हेमचंद्राने प्राकृत ‘सडइ’चे मूळ संस्कृत ‘सद्’, म्हणजे बसणे, खचणे, या धातूत दाखवले, आणि गंमत अशी की गाळ खाली बसून नितळ झालेल्या पाण्याचे ‘प्रसन्न’ हे विशेषणही त्याच धातूचे आहे. अमरकोशात ‘प्रसन्न’ आणि ‘अच्छ’ हे समानार्थी ठरतात, तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘प्रसन्ना’ हे एका मद्याचेच नाव असून, मद्य आंबवणाऱ्या विरजणाला, म्हणजे ‘किण्वा’ला, तेथे उडीद आणि तांदूळ लागतात. मराठीत पाण्याची प्रसन्नता मनाकडे गेली आणि सडव्याच्या वाट्याला केवळ नासणे उरले, हा मोहावर अन्यायच म्हणावा लागेल.

जर्मन भाषेने किण्वाकडे उलट दिशेने पाहिले: तेथील ‘हेफे’ हा शब्द ‘वर उचलणे’ या अर्थाच्या धातूतून आला, आणि बव्हेरियातील ‘हेफेवाइत्सेन’ ही न गाळलेली गव्हाची बिअर तरंगत्या किण्वामुळे धूसर दिसते व केळी-लवंगेसारखा वास देते. तेथे गढूळपणा नावातच मिरवला जातो. यवतमाळकडे मात्र ‘सडवा’ या शब्दापुढे बहुधा ‘नष्ट केला’ हेच क्रियापद येते.