शीळ आणि मुंजा

फ्रिट्झ लांग या जर्मन दिग्दर्शकाचा ‘एम्’ हा १९३१ सालचा बोलपट मला आठवतो तो खुनापेक्षा शिळेमुळे. मुलांचा खुनी शीळ घालतो, आणि ती ओळखणारा फुगेवाला असतो आंधळा! खून पडद्यावर दिसतच नाही. दिसतो तारांत अडकलेला फुगा, आणि जेवायला न आलेल्या लेकीचे रिकामे ताट.

आम्हां बुलढाणेकरांना अशा भयासाठी बर्लिन गाठायला नको. आमच्या लोणारच्या दक्षिणेस, परभणी जिल्ह्यात, मानवत आहे. १९७२ ते १९७४ या काळात तेथे कोवळ्या मुली आणि बायका मारल्या गेल्या. तपास रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आला. १९६८ सालच्या मुंबईतील रामन राघव प्रकरणाचा छडा लावणारे तेच हे अधिकारी. उलगडा झाला तो गुप्तधनाचा. पिंपळावरच्या मुंज्याला रक्त दिले की पुरलेले धन हाती लागते, ही समजूत!

चोरांनीच भरवलेल्या न्यायसभेत लांगचा खुनी कळवळून सांगतो, आपल्याला आवरतच नाही. मानवतला वेड कुठले? तेथे बेत होता, हिशेब होता. मला तर हेच अधिक भयंकर वाटते. तेंडुलकरांनी लिहिलेला, अमोल पालेकरांचा ‘आक्रीत’ हा चित्रपट याच प्रकरणावरून १९८१ साली निघाला. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा व्हायला मात्र २०१३ साल उजाडावे लागले.