मिठाचे अभय

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालेचा पहिला खंड १९९६ मध्ये आणि पाचवा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या 'गेम ऑफ थ्रोन्स' या दूरचित्रवाणी मालिकेमुळे वेस्टरॉस नावाचा त्यातील कल्पित भूखंड जगभर परिचयाचा झाला. या मालेमागचा इतिहास सांगताना अभ्यासक बहुधा इंग्लंडमधील यॉर्क आणि लँकेस्टर या राजघराण्यांच्या १४५५ पासूनच्या गादीच्या लढ्याचा, म्हणजे 'गुलाबांच्या युद्धां'चा, दाखला देतात आणि उत्तर सीमेवरील बर्फाच्या भिंतीचे मूळ रोमन सम्राट हेड्रियनने ब्रिटनमध्ये बांधवलेल्या भिंतीत शोधतात. ही दोन्ही नाती खरी आहेत आणि स्वतः मार्टिन यांनी ती मान्य केली आहेत. तथापि सिंहासनाच्या या चर्चेत एक जुनी प्रथा मागे पडते, आणि मालेतील माणसांची खरी पारख तर तिच्याच कसोटीवर होते. ती प्रथा म्हणजे आतिथ्याचे अभय.

मार्टिन यांच्या जगात तिचे स्वरूप असे आहे की, पाहुण्याने यजमानाच्या छपराखाली त्याचा पाव आणि मीठ खाल्ले की त्या क्षणापासून पाहुणा निघून जाईपर्यंत दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला इजा करू शकत नाही, मग त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर का असेना. हे बंधन दोन्ही बाजूंना सारखेच लागू असते आणि ते मोडणारा देवांच्या आणि माणसांच्या नजरेत कायमचा पतित ठरतो. 'खाल्ल्या मिठाला जागणे' आणि 'खाल्ल्या घरचे वासे मोजणे' हे वाक्प्रचार ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत त्या मराठी वाचकांना या बंधनाचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. फरक एवढाच की, मराठीत मिठाचे ऋण मुख्यतः खाणाऱ्यावर चढते, तर वेस्टरॉसमध्ये ते वाढणाऱ्यालाही तितकेच बांधते.

ही कल्पना मार्टिन यांनी निर्माण केलेली नाही. होमरच्या महाकाव्यांत पाहुणा आणि यजमान यांच्या नात्याला 'झेनिया' म्हटले आहे आणि देवाधिदेव झ्यूस स्वतः त्याचा रक्षक मानला गेला आहे. निरोपाच्या वेळी पाहुण्याला भेटवस्तू देणे हाही त्याच विधीचा भाग होता, आणि हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. रोमन इतिहासकार टॅसिटसने जर्मन टोळ्यांविषयी इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिताना नोंदवले की, कोणाही माणसाला दारातून परत पाठवणे ते पाप समजत. आयर्लंडच्या प्राचीन कायद्यांत 'ब्रिउगू' नावाचा श्रीमंत गृहस्थ आढळतो, ज्याची प्रतिष्ठा केवळ येईल त्याला अन्न आणि निवारा देण्याच्या कर्तव्यावर उभी होती. इंग्लंडच्या केंट राज्यातील सातव्या शतकातील कायदा तर असा होता की, परक्या व्यापाऱ्याला तीन रात्री घरात ठेवून जेवू घालणाऱ्या यजमानाने त्या पाहुण्याच्या कृत्यांची जबाबदारीही उचलावी.

या साऱ्यामागे केवळ सौजन्य होते असे मानणे चुकीचे ठरेल. जिथे पोलीस नव्हते, मुक्कामाच्या सोयी विरळ होत्या आणि राजाचा हुकूम त्याच्या घोडेस्वारांच्या टप्प्यापुरताच चालत असे, तिथे प्रवासी, दूत, व्यापारी आणि तहाच्या वाटाघाटींना निघालेला शत्रू या सर्वांना संरक्षण देणारी दुसरी व्यवस्थाच नव्हती. एका घरात ती मोडली की प्रत्येक घरातील जेवण संशयास्पद होते, आणि संशयाने जेवणारी माणसे तह करू शकत नाहीत.

मालेतील सर्वांत गाजलेला प्रसंग २००० मध्ये आलेल्या 'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स' या तिसऱ्या खंडातील 'रेड वेडिंग' म्हणजे रक्तलांछित विवाहाचा आहे, आणि त्यासाठी स्कॉटलंडच्या इतिहासातील दोन घटनांचा आधार घेतल्याचे मार्टिन यांनी सांगितले आहे. त्यांतील पहिली २४ नोव्हेंबर १४४० रोजी एडिंबरा किल्ल्यात घडली. राजा पहिला जेम्स याचा १४३७ मध्ये खून झाल्यावर गादीवर लहान मुलगा बसला आणि राज्याचा कारभार पाहणारा डग्लस घराण्याचा पाचवा अर्ल (अर्ल म्हणजे वरिष्ठ दर्जाचा सरदार) १४३९ मध्ये मरण पावला. तेव्हा किल्लेदार विल्यम क्रायटन आणि अलेक्झांडर लिव्हिंग्स्टन या दोघांनी सत्ता हाती ठेवण्यासाठी डग्लसचा वारस, जेमतेम सोळा वर्षांचा सहावा अर्ल विल्यम, आणि त्याचा धाकटा भाऊ डेव्हिड यांना दहा वर्षांच्या दुसऱ्या जेम्सच्या पंक्तीला जेवायला बोलावले. दोघा भावांना पकडून राजद्रोहाच्या नाममात्र चौकशीनंतर त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. जेवणाच्या शेवटी मृत्यूची खूण म्हणून काळ्या बैलाचे मुंडके पानात मांडले गेले, ही प्रसिद्ध गोष्ट मात्र नंतरच्या बखरकारांची भर मानली जाते. अर्लची पदवी मुलांच्या चुलत आजोबाकडे गेली, आणि या कटातून सर्वाधिक लाभ कोणाला झाला हे त्यावरून उघड होते.

या 'काळ्या भोजना'चा खरा परिणाम बारा वर्षांनी दिसला. त्या पंक्तीला बसलेला बालराजा आता एकवीस वर्षांचा झाला होता. फेब्रुवारी १४५२ मध्ये त्याने आठव्या अर्ल ऑफ डग्लसला, तोही विल्यमच, सुरक्षिततेची लेखी हमी देऊन स्टर्लिंग किल्ल्यात बोलावले, त्याच्याबरोबर भोजन केले, आणि वाद विकोपाला जाताच स्वतःच्या हाताने त्याच्यावर सुरा चालवला. उरलेले काम दरबाऱ्यांनी पूर्ण केले. त्याच वर्षी पार्लमेंटने राजाला दोषमुक्त ठरवले. मार्टिन यांनी उल्लेखलेल्या घटनांत ही नाही, तरी त्यांच्या कादंबऱ्यांचे मर्म हिच्याइतके दुसरीत क्वचितच सापडेल, कारण वेस्टरॉसमध्येही मुले जे पाहतात तेच मोठेपणी करतात.

१५८७ मध्ये स्कॉटिश पार्लमेंटने एक कायदा करून विश्वासाने आपल्या आश्रयाला किंवा हाती आलेल्या माणसाचा खून हा साधा खून न मानता राजद्रोहाच्या पातळीवर नेला. 'विश्वासातील हत्या' या संज्ञेने ओळखला जाणारा हा गुन्हा कायद्याने वेगळा काढावा लागला याचा अर्थ असा की, प्रथेचा धाक पुरेसा राहिला नव्हता. आणि कायद्याचाही धाक किती होता, हे पुढच्या शतकात ग्लेनको या डोंगरी खोऱ्यात, मार्टिन यांनी सांगितलेल्या दुसऱ्या घटनेत, दिसले. नवा राजा विल्यम याच्याशी निष्ठेची शपथ घेण्याची मुदत १ जानेवारी १६९२ रोजी संपत होती. ग्लेनकोच्या मॅकडोनल्डांचा म्होरक्या मॅकइयान मुदतीत फोर्ट विल्यमला पोहोचला, परंतु तिथे शपथ देण्याचा अधिकार कोणाला नसल्याने त्याला हिमातून इन्व्हरेरीला जावे लागले आणि शपथ ६ जानेवारीला झाली. या विलंबाचे निमित्त करून राज्यमंत्री जॉन डॅलरिंपल याने त्या कुळाच्या निर्दालनाची योजना पुढे रेटली. डोंगरी लोकांना हिवाळ्यात पळून जाता येत नाही, हा विचार त्याच्या पत्रव्यवहारात नोंदलेला आहे. कॅप्टन रॉबर्ट कँपबेल याच्या हाताखालील सुमारे १२० सैनिक फेब्रुवारीच्या आरंभी खोऱ्यात आले, घराघरांत मुक्कामाला राहिले आणि जवळजवळ दोन आठवडे मॅकडोनल्डांच्याच चुलीवरचे जेवले. कॅप्टनच्या नात्यातली मुलगी म्होरक्याच्या मुलाला दिलेली होती, म्हणजे पाहुणा सोयराही होता. १३ फेब्रुवारीच्या पहाटे, सत्तर वर्षांखालील कोणालाही न सोडण्याचा लेखी हुकूम अमलात आला. सुमारे ३८ माणसे मारली गेली आणि जळत्या घरांतून निसटलेल्यांपैकी कित्येक बायका-मुले हिमवादळात गारठून मेली.

मृतांची संख्या त्या काळच्या कोणत्याही लढाईच्या मानाने अल्प होती. तरीही तीन शतकांनंतर ग्लेनकोचे नाव तिथल्या माणसांच्या मनात ताजे आहे, कारण मारणारे शत्रू म्हणून आले नव्हते, पाहुणे म्हणून आले होते. १६९५ च्या चौकशीनंतर स्कॉटिश पार्लमेंटने हे कृत्य खून असल्याचे जाहीर केले, डॅलरिंपलला पद सोडावे लागले, पण खुनासाठी एकाही माणसावर खटला उभा राहिला नाही.

रणांगणातील मृत्यू आणि घरातील मृत्यू यांच्यातील हे अंतर शेक्सपियरने नेमके ओळखले होते. इतिहासातील डंकन राजा १०४० मध्ये मॅकबेथशी लढताना मारला गेला. परंतु नाटककाराने होलिनशेडच्या बखरीतून डफ नावाच्या दुसऱ्या, अधिक प्राचीन राजाच्या हत्येची हकीकत उचलली, ज्यात यजमान आपल्या गढीत झोपलेल्या राजाचा घात करतो, आणि ती डंकनला जोडली. शि. म. परांजपे यांच्या 'मानाजीराव' आणि वि. वा. शिरवाडकर यांच्या 'राजमुकुट' या रूपांतरांमुळे मराठी रंगभूमीलाही हा घात परिचित आहे. लढाईत राजाला मारणारा मॅकबेथ एक महत्त्वाकांक्षी सरदार राहिला असता. पाहुण्याला मारणाऱ्या मॅकबेथची झोप उडते.

मार्टिन यांनी हीच युक्ती वापरली, पण तिची गुंतागुंत पुष्कळ वाढवली. उत्तरेचा तरुण राजा रॉब स्टार्क नदी ओलांडण्याच्या मोबदल्यात पुलाचा मालक वॉल्डर फ्रे याच्या मुलीशी लग्न करण्याचे वचन देतो आणि नंतर दुसरीशी लग्न करून ते मोडतो. म्हणजे विश्वासभंगाची सुरुवात नायकाकडून होते, आणि फ्रेचा अपमान खरा आहे; त्याचा सूड तो आपल्या किल्ल्यातील लग्नाच्या जेवणात पाहुण्या रॉबला आणि त्याच्या माणसांना मारून घेतो. नव्वदी ओलांडलेला हा म्हातारा केवळ खलनायक नाही. प्रत्येक मोठ्या घराने ज्याच्याकडे नाक मुरडले, असा तो पुलाचा जकातदार आहे. तथापि वचनभंग आणि अभयभंग या दोन गुन्ह्यांची तुलना होऊ शकत नाही, हे मार्टिन कोणताही उपदेश न करता दाखवून देतात. पहिल्याचे प्रायश्चित्त माफीने, जमिनीने किंवा दुसऱ्या सोयरिकीने करता येते, आणि रॉबचा मामा एडम्योर यासाठीच बोहल्यावर उभा असतो. दुसऱ्यानंतर प्रायश्चित्त स्वीकारायला कोणी जिवंत उरत नाही.

या प्रथेवर सर्वाधिक श्रद्धा रॉबची आई कॅटलिन हिची आहे. पहिल्या खंडात एका सरायीत शत्रू घराण्यातील टिरियन लॅनिस्टरला पकडताना ती भोवतालच्या शिपायांना त्यांच्या मालकांच्या आपल्या वडिलांवरील निष्ठेची आठवण देऊन, आणि हा माणूस आपल्या घरी पाहुणा म्हणून येऊन आपल्या मुलाच्या हत्येचा कट करून गेला असे सांगून, आपल्या बाजूला वळवते, आणि फ्रेच्या किल्ल्यात शिरण्यापूर्वी मुलाला आधी पाव आणि मीठ खाण्याचा आग्रह तीच धरते. तिचा अंदाज चुकला असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिने तिच्या जगातील सर्वांत भक्कम कवच निवडले होते. ते भेदण्याचा विचार कोणी करू शकेल, हीच तिच्या कल्पनेपलीकडची गोष्ट होती. एका फ्रेच्या बाहीखाली चिलखताच्या कड्या तिच्या बोटांना लागतात, तेव्हाच तिला सत्य कळते.

या घातामागचा खरा सूत्रधार टायविन लॅनिस्टर आपली बाजू हिशेबाने मांडतो : हजारो माणसे रणात मारण्यापेक्षा काहींना जेवताना मारून युद्ध संपवणे वाईट कसे? हा प्रश्न डॅलरिंपललाही सहज सुचला असता, आणि अंकगणिताने त्याला उत्तर देता येत नाही. उत्तर मार्टिन कथानकातून देतात. युद्ध संपत नाही, फक्त तह अशक्य होतो, कारण यापुढे लॅनिस्टर किंवा फ्रे यांच्या हमीवर कोणी कोणाच्या घरी जेवणार नाही. त्याच खंडात क्रॅस्टर नावाच्या दुष्ट यजमानाला त्याचेच भुकेले पाहुणे त्याच्या घरात मारतात आणि पाठोपाठ आपल्या सेनापतीलाही. म्हणजे वाईट माणसाच्या बाबतीतही हे बंधन मोडले की हात तिथेच थांबत नाही. घातानंतर काही प्रकरणांनी येणाऱ्या दंतकथेत तर एक आचारी पाहुण्या राजाला त्याच्याच मुलाचे मांस खाऊ घालतो. ग्रीक पुराणातील अट्रियसने भावाला दिलेल्या मेजवानीची ती सावली आहे. पण मार्टिन यांच्या कथेत देव आचाऱ्याला शाप देतात तो खुनासाठी नव्हे, नरमांसासाठीही नव्हे, तर छपराखालच्या पाहुण्याला मारल्याबद्दल.

पाचव्या खंडातील वायमन मॅन्डरली हे या विषयावरील सर्वांत सूक्ष्म पात्र म्हणावे लागेल. रक्तलांछित विवाहात मुलगा गमावलेला हा लठ्ठ सरदार तीन फ्रे पाहुण्यांना नियमाने सांभाळतो, निघताना त्यांना घोडे भेट देतो, आणि त्यानंतर ते तिघे वाटेत नाहीसे होतात. होमरच्या काळातील निरोपाची भेट इथे अभय संपल्याची खूण ठरते. पुढे एका लग्नात तो मांसाचे सारण भरलेल्या तीन मोठ्या 'पाई' स्वतः कापून वाढतो आणि त्या आचाऱ्याचे गाणे गायला सांगतो. त्या सारणात काय होते हे लेखक स्पष्ट करत नाही. मॅन्डरली नियमाचे अक्षर पाळतो, पण अक्षर पाळून आत्मा कुठवर शाबूत राहतो, हा प्रश्न त्याच्या प्रत्येक घासाबरोबर वाढत जातो.

आणि कॅटलिन? मृत्यूनंतर उठवली गेलेली, लेडी स्टोनहार्ट या नावाने वावरणारी ती आता कोणाचे म्हणणे ऐकत नाही. फ्रे आणि त्यांचे साथीदार सापडतील तिथे झाडाला टांगले जातात. चौथ्या खंडात ब्रिएन ही स्त्रीयोद्धा नद्यांच्या मुलखातून जाताना वाटेवर अशीच टांगलेली प्रेते पाहते. सॉल्टपॅन्स, म्हणजे मिठागर, या नावाचे गाव लुटून जाळणाऱ्यांत होते म्हणून त्यांना ही शिक्षा मिळालेली असते, आणि प्रत्येकाच्या दातांमध्ये काहीतरी पांढरे खुपसलेले दिसते. तो मिठाचा खडा असतो.