हेडखालचे पॅकिंग

उल्हासनगरातील ‘कॅम्प ४’ हे नाव दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीची खूण आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथल्या बराकींत राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसाहतीला आजचे नाव मिळाले. पुढच्या दशकांत घरीच मोटार उघडणाऱ्या हौशी माणसाच्या हाती बहुधा कुर्ल्यात बनलेल्या फियाट ११०० किंवा पद्मिनीचे इंजिन येई.

त्याच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३६ चौरस सेंटिमीटर. ज्वलनाच्या वेळी दर चौरस सेंटिमीटरला ४० किलोचा दाब धरला, तर हेड उचलू पाहणारा जोर जवळजवळ दीड टन होतो! (हे गणित नववीच्या वर्गात जरूर द्यावे.) तो जोर बोल्ट पेलतात, वायू आणि पाणी अडवते ते गॅसकेट, कारागिरांच्या भाषेत पॅकिंग. हेड अॅल्युमिनियमचे, ब्लॉक बिडाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या दुप्पट प्रसरण पावते. ही घसट सोसावी म्हणून तांब्याच्या पत्र्यांमध्ये अॅस्बेस्टॉस भरत. ताकद वाढवायला हेड घासले की दाब वाढतो आणि पॅकिंग दोन सिलिंडरांमधल्या अरुंद पट्टीवर जळते.

निव्वळ तांब्याचे पॅकिंग लाल तापवले की पुन्हा मऊ होते, कारण दाबाने कडक झालेल्या स्फटिकांची फेररचना होते. अॅस्बेस्टॉसचे जळलेले पॅकिंग मात्र लेपाने सुधारत नाही, बदलावेच लागते. धोका आहे तो जुने खरवडण्यात. त्याचे तंतू फुप्फुसात रुततात आणि कर्करोग कित्येक दशकांनी दिसतो. युरोपीय संघात २००५ पासून अॅस्बेस्टॉसवर बंदी आहे. नव्या इंजिनांत बहुधा पोलादी पत्र्यांचे थर असतात, पण जुन्या गाडीचे हेड उघडणाऱ्याने ते पॅकिंग कोरडे खरवडू नये, आधी भिजवावे.